तेल सांडल्यावर

रात्रीचे साडेनऊ वाजलेत, आणि ऊन आहे.
स्वीडनच्या या वरच्या टोकाला जूनमधला सूर्य
निघतो निघतो म्हणत
उंबऱ्यातच बोलत उभ्या पाहुण्यासारखा.

जुनी लष्करी धावपट्टी. तिच्यावर आखलेले चारशे दोन मीटर.
कुंपणाला टेकून आम्ही चौघं:
टपालखात्यातून निवृत्त झालेली गुनवोर,
ट्रॅक्टरवर टूवे, तापमापी सांभाळणारा यूनादम,
आणि मी, जिच्याकडे झाडू असतो.
अंगात आगीचे जाड पोशाख. घामोळं मानेपर्यंत.
लोक गाडी बघायला येतात.
आम्ही गाडीखाली बघतो,
काही ठिबकतंय का.

दिवे उतरतात. पिवळा, पिवळा, पिवळा, हिरवा.
तो आवाज कानांना कळायच्या आधी
बरगड्यांना कळतो.

निळी गाडी तीनशे मीटरवर होती
तेव्हा आवाज टर्रकन फाटला,
जुन्या चादरीसारखा, उभा.
पांढरा धूर. छत्री उघडली.
पोटाखाली एक ज्वाळ,
देवघरातल्या समईएवढीच,
पण गुनवोर केव्हाच धावत सुटली होती.
चौसष्टाव्या वर्षी
ती धावताना गुडघ्यांना विचारत नाही.

पोरगा आपल्या पायांनी बाहेर आला.
हात वर केला. टाळ्या पडल्या.
मग सगळी गर्दी उठून
सॉसेजच्या टपरीकडे गेली.

आता आमचं.

दोनशे पावलांची काळी रेघ,
तिच्यात लोखंडाचे तुकडे, अजून गरम.
चुंबकाची दांडी फिरवायची. भुकटी ओतायची.
जमीन सारवताना हात वळतो तसा
झाडू वळवायचा, अर्धगोल, अर्धगोल,
मागचा फटकारा पुढच्यात थोडा शिरलेला.
खरवडायचं. पुसायचं. पुन्हा भुकटी.
मग टूवे जुनी टायरं ओढत रबर बसवतो,
आणि गोंदाचा तो वास,
जो रविवारपर्यंत केसांतून जात नाही.

इथे स्वच्छ म्हणजे लख्ख नव्हे.
स्वच्छ म्हणजे बुटाचा तळवा धरून ठेवणारं,
पाऊल उचलताना चर्र वाजणारं.
गुनवोर हातमोजा काढते, तळहात टेकवते,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा.
काही बोलत नाही. बोट दाखवते: इथे.
आम्ही पुन्हा.

अकरा वर्षांपूर्वी
बशीएवढा एक डाग राहून गेला होता.
मोटरसायकल होती. एवढंच मला माहीत आहे,
तेही टूवेकडून.
तेव्हापासून शेवटचा हात तिचा.

लाउडस्पीकरवर तेच गाणं तिसऱ्यांदा लागलं.
कुणीतरी शिट्टी मारली: किती वेळ?
आणि तो पोरगा, हाम्पुस, एकोणीस वर्षांचा,
घामाने केस चिकटलेला, आमच्याकडे चालत आला
माफी तोंडात घोळवत.
मला वाटलं, गुनवोर काहीतरी समजुतीचं बोलेल.
तिने त्याच्या हातात झाडू दिला.
माझाच.
त्याने तो वल्ह्यासारखा धरला.
तिने त्याची मूठ वीतभर खाली सरकवली
आणि पुढच्या डागाकडे गेली.

अकराला दहा कमी असताना
यूनादमने तापमापी उचलून मान हलवली.
दव पडायला लागलं होतं.
ओल्या पट्टीवर कुणालाही सोडत नाहीत.
आजचं संपलं, असं भोंग्याने सांगितलं,
लोकांनी खुर्च्या मिटल्या,
गाड्यांचे दिवे जंगलातून एकेक करून गेले.

पन्नास मिनिटं पुसलेलं
तसंच पडून राहिलं, कुणासाठी नाही.

तरी गुनवोर शेवटपर्यंत चालत गेली,
मागोमाग आम्ही, मागोमाग झाडू घेतलेला तो.
तिला एक नट सापडला. खिशात टाकला.
इतक्यात गवतातून एक ससा निघाला,
ऐटीत पट्टीवर आला,
मधोमध अडखळला,
एक पाय झटकला, मग दुसरा,
रागावून आमच्याकडे बघितलं.

'बसलंय,' गुनवोर म्हणाली.